शुक्रवार, सकाळी ९ वाजून ३९ मिनिटं

१९ जुलै २०२४ च्या सकाळी मुंबईच्या घड्याळात ९.३९ झाले, आणि पुढच्या ७८ मिनिटांत जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. विमानं जमिनीवर राहिली, रुग्णालयांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, वृत्तवाहिन्या बंद पडल्या. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमध्ये हे सगळं ‘अचानक’ घडलं होतं. माझं म्हणणं असं की त्यात अचानक काहीच नव्हतं. मेमरीतली चूक ज्या क्षणी दिसते, त्या क्षणी ती घडलेली नसते. हे घड्याळ १४२ दिवस टिकटिकत होतं आणि त्या काळात घेतलेली प्रत्येक चाचणी पास झाली होती. म्हणून हा घटनाक्रम ९.३९ च्या बराच आधीपासून सांगायला हवा.

बुधवार, २८ फेब्रुवारी

टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरातली क्राउडस्ट्राइक ही कंपनी आपल्या ‘फाल्कन’ सुरक्षा प्रणालीची ७.११ ही आवृत्ती बाहेर काढते. फाल्कनचा एक भाग ग्राहकाच्या प्रत्येक संगणकात बसतो, त्याला ते सेन्सर म्हणतात. तो साध्या प्रोग्रामसारखा बाजूला चालत नाही. तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी गाभ्यात शिरलेला असतो. हल्लेखोराच्या आधी तिथे पोचायचं असेल तर दुसरा इलाज नाही, असा या धंद्यातला समज होता. पण गाभ्यात चालणाऱ्या कोडला चुकायची मुभा नसते. एक्सेल कोसळलं तर एक्सेलच बंद होतं. कर्नलमधलं काही कोसळलं तर संगणकच बंद होतो.

या आवृत्तीत एक नवी सोय होती. विंडोजमधले प्रोग्राम आपसात बोलण्यासाठी ‘नेम्ड पाइप’ नावाची वाट वापरतात. त्या वाटेचा गैरवापर ओळखण्यासाठी नवा साचा तयार केला गेला. साच्याच्या व्याख्येत लिहिलं गेलं की तपासायच्या गोष्टी २१ आहेत. सेन्सरमधला जो कोड या गोष्टी प्रत्यक्ष पुरवणार होता, तो २० च पुरवत होता.

एवढीच ती चूक. तिचं स्वरूप नीट कळावं म्हणून गिरगावातली एखादी चाळ डोळ्यांसमोर आणा. मजल्यावर एका ओळीत २० खोल्या आहेत आणि पोस्टमनच्या हातातल्या यादीत २१ नंबर आहेत. यादीत २१ व्या नंबरापुढे ‘कोणीही असो, चालेल’ असं लिहिलेलं आहे, त्यामुळे पोस्टमन तिथवर जातच नाही. विसाव्या दारावर काम आटोपून तो जिना उतरतो. महिनोन्‌महिने असं चालतं आणि यादी चुकीची आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या दिवशी यादीत २१ व्या नंबरापुढे ठोस नाव येईल, त्या दिवशी तो विसाव्या दारापुढे पाऊल टाकणार, आणि तिथे गॅलरी संपलेली असणार.

मंगळवार, ५ मार्च

नव्या साच्याची ताणचाचणी होते. वेगवेगळ्या विंडोज आवृत्त्यांवर, भरपूर भार टाकून. साचा पास होतो. त्याच दिवशी त्यावर बेतलेला पहिला नियम ग्राहकांच्या संगणकांवर जातो. हे नियम ज्या फाइलमधून जातात तिला कंपनीच्या भाषेत चॅनेल फाइल म्हणतात, आणि या साच्याच्या वाट्याला आलेला क्रमांक होता २९१. नियमात २१ व्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण होती. चाचणीतही तीच खूण होती.

८ ते २४ एप्रिल

आणखी तीन नियम जातात. तिन्ही सुरळीत चालतात.

मला हा तुकडा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भीतीदायक वाटतो. चार वेळा तीच वाट तुडवली गेली आणि चारही वेळा विश्वास वाढला. मध्ये एक तपासनीस प्रोग्रामही होता, कंटेंट व्हॅलिडेटर नावाचा. ग्राहकाकडे जाण्याआधी प्रत्येक नियम तो वाचून पाहत असे. पण तोही साच्याच्या व्याख्येवर विसंबून होता आणि व्याख्या २१ म्हणत होती. २१ वी गोष्ट मागणारा नियम त्याच्या दृष्टीने अगदी बिनचूक होता. पहाऱ्यावरच्या माणसालाही तीच चुकीची यादी दिलेली होती.

शुक्रवार, १९ जुलै, पहाटे ३ ते ४

मुंबई झोपेत असताना अमेरिकेत एक वेगळाच बिघाड सुरू होतो. मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउड सेवेच्या मध्य अमेरिका विभागात रचनेतला एक बदल चुकतो आणि संगणक व साठवण यांच्यातला दुवा तुटतो. तिथल्या काही विमान कंपन्यांना त्याचा फटका बसतो. या घटनेचा ९.३९ शी काही संबंध नाही. पण भारतातल्या पुढच्या सगळ्या गोंधळाला तिने चुकीचं नाव मिळवून दिलं. दिवसभर लोक ‘मायक्रोसॉफ्ट बंद पडलं’ म्हणत राहिले, आणि अनेक कंपन्यांची निवेदनंही तसंच म्हणत होती. त्यामुळे ज्यांना नेमका इलाज हवा होता, त्यांचा पहिला वेळ चुकीच्या दाराशी गेला.

सकाळी ९.००

फोर्टात दलाल स्ट्रीटवर बाजाराचं पूर्वसत्र सुरू होतं, ९.१५ ला व्यवहार उघडतात. आदल्या दिवशी, गुरुवारी, सेन्सेक्सने पहिल्यांदाच ८१ हजारांचा टप्पा ओलांडलेला. मंगळवारी अर्थसंकल्प येणार, त्यामुळे बाजारात हुरूप आणि धास्ती दोन्ही. १९९५ पर्यंत याच इमारतीच्या रिंगणात दलाल ओरडून सौदे करत. आता सगळा व्यवहार पडद्यावर चालतो.

त्याच वेळी दादरला, परळला, करी रोडला गाड्यांमधून माणसं उतरताहेत. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांमध्ये लॅपटॉप उघडायची वेळ साधारण साडेनऊ ते दहा. हे वेळापत्रक लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी ते फार महत्त्वाचं ठरलं. सिडनीत दुपारचे दोन वाजत आलेत, सगळ्या कचेऱ्या भरात आहेत. लंडनमध्ये पहाटेचे पाच वाजायचेत. ऑस्टिनमध्ये गुरुवारची रात्र आहे.

सकाळी ९.३९

चॅनेल फाइल २९१ ची नवी प्रत सुटते. तिच्यात दोन नवे नियम आहेत आणि त्यातल्या एकात २१ व्या जागी पहिल्यांदाच ठोस अट आहे.

आता एका संगणकात काय घडतं ते संथपणे पाहू. सेन्सर नवी फाइल उतरवून घेतो. पुढच्या वेळी विंडोजमधले दोन प्रोग्राम आपसात बोलतात, तेव्हा तो नियम लावायला बसतो. त्याच्यासमोर मेमरीत २० कप्प्यांची एक रांग आहे. प्रत्येक कप्प्यात एक पत्ता आहे, त्या पत्त्यावर तपासायची गोष्ट. नियम २१ वी गोष्ट मागतो. रांग विसाव्यावर संपते का, असं विचारणारी एक ओळ इथे असायला हवी होती. ती नाही. म्हणून सेन्सर पुढच्या कप्प्यात हात घालतो आणि तिथे शेजारच्या कुठल्यातरी कामाचे जे आकडे पडलेत तेच पत्ता म्हणून उचलतो. पत्ता शून्य तर नाही ना, हे तपासणारी ओळ मात्र आहे. उचललेला आकडा शून्य नाही, त्यामुळे तो त्या चाळणीतून सुटतो. मग सेन्सर त्या पत्त्यावर वाचायला जातो. तिथे कोणतीही मेमरी नाही.

कर्नलमध्ये असं झालं की विंडोजपुढे एकच मार्ग उरतो. पुढे चालू राहिलं तर आणखी काय बिघडेल याची शाश्वती नसते, म्हणून ते सगळं थांबवतं. निळा पडदा येतो.

सकाळी ९.४० ते १०.५७

संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होतो. सेन्सर कर्नलचा भाग असल्यामुळे तो अगदी आधी जागा होतो, नवी फाइल वाचतो, २१ वा कप्पा उघडतो, आणि पुन्हा निळा पडदा. पुन्हा सुरू, पुन्हा निळा. सिडनीच्या दुपारी ऑस्ट्रेलियातल्या बँका, दुकानं, विमानतळ आणि वाहिन्या एकामागोमाग थांबू लागतात. ही फाइल टप्प्याटप्प्याने, आधी थोड्या ग्राहकांना आणि मग सगळ्यांना, अशी जात नसे. प्रोग्रामची आवृत्ती बदलायची असेल तर ग्राहक ती थोपवू शकत, एक आवृत्ती मागे राहू शकत. नियमांची फाइल मात्र ‘फक्त माहिती’ समजली जाई, त्यामुळे ती सगळीकडे एकदम जात असे. माझ्या मते मूळ २०-२१ च्या गफलतीपेक्षा हा निर्णय मोठा. माहिती जर कर्नलला पाडू शकत असेल, तर तिला कोडइतकाच मान द्यायला हवा होता.

मुंबईचं वेळापत्रक महत्त्वाचं ठरलं ते इथे. फाइल त्याच संगणकांवर उतरली जे ९.३९ ते १०.५७ या वेळात चालू होते आणि इंटरनेटला जोडलेले होते. ज्यांच्याकडे हे सॉफ्टवेअर होतं आणि जे साडेनऊलाच कामाला बसले होते, ते सापडले. ज्याचा लॅपटॉप त्या वेळात बॅगेत बंद होता, तो वाचला. रात्रंदिवस चालू राहणारे सर्व्हर, विमानतळावरचे खिडक्यांमागचे संगणक, फलाटांवरचे आणि दालनांतले फलक यांना मात्र बॅगेत जाण्याची सोय नसते. ज्या यंत्रांनी कधीच थांबू नये, नेमकी तीच सगळ्यात आधी सापडली.

सकाळी १०.५७

क्राउडस्ट्राइक फाइल मागे घेते. ७८ मिनिटं झाली आहेत. यानंतर जोडले गेलेले संगणक सुरक्षित. जे आधीच फिरकीत अडकलेत त्यांना याचा जवळपास काहीच उपयोग नाही, कारण दुरुस्त फाइल उतरवून घ्यायला संगणक जागा तरी राहायला हवा. काही यंत्रं पुन्हापुन्हा सुरू होताना कोसळण्याआधीच्या त्या काही सेकंदांत नेटवर्क पकडून दुरुस्त फाइल मिळवत. मायक्रोसॉफ्टने पंधरा वेळा बंद-चालू करून पाहण्याचा सल्लाही दिला. हा सल्ला ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता.

सकाळी ११ नंतर, विमानतळ

इंडिगो, आकासा, स्पाइसजेट या कंपन्यांच्या चेक-इन आणि आरक्षणाच्या यंत्रणा अडखळतात. मुंबईच्याच आकासाने मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांवर चेक-इन हाताने करत असल्याचं जाहीर केलं आणि प्रवाशांना लवकर यायला सांगितलं. बोर्डिंग पास पेनाने लिहिले जाऊ लागले, नाव, विमान, आसन, वेळ. इंडिगोने त्या दिवसात दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द केली. जगभरात त्या एका दिवशी पाच हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली. अमेरिकेतली डेल्टा कंपनी तर पुढचे पाच दिवस सावरली नाही. तिची सुमारे सात हजार उड्डाणं गेली आणि पन्नास कोटी डॉलरचं नुकसान झाल्याचं तिने सांगितलं.

पेनाने लिहिलेल्या पासाचे फोटो लोकांनी गंमत म्हणून पाठवले. मला त्यात काउंटरमागच्या माणसांची मेहनत दिसते. एरवी बटण दाबल्यावर जे निघतं ते त्यांनी रांगेतल्या प्रत्येकासाठी, तक्रारी ऐकत, तासन्‌तास लिहिलं.

दुपार

दिल्लीत माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव सांगतात की सरकारी एनआयसीच्या जाळ्याला धक्का लागलेला नाही. सर्ट-इन ही केंद्राची सायबरसुरक्षा यंत्रणा सूचना काढते. क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कुर्त्झ जाहीर करतात की हा हल्ला नाही, एका अपडेटमधला दोष आहे, मॅक आणि लिनक्स यातून सुटले आहेत. पण अभियंत्यांच्या दृष्टीने दुपारची खरी गोष्ट वेगळी होती. जगभरातले लोक कोसळलेल्या संगणकांच्या मेमरीचे ठसे उघडून वाचायला बसले होते.

पहिला निष्कर्ष चुकला. कोणाला ठशात शून्याजवळचा पत्ता दिसला, कोणाला शून्यांनीच भरलेली फाइल सापडली, आणि शून्य पत्ता वाचल्याने हे झालं असा समज वाऱ्यासारखा पसरला. पण दुसऱ्या संगणकांवरच्या ठशांत पत्ता भलताच मोठा होता. कोडमधली सूचना तीच, पत्ते वेगवेगळे. ज्याने असल्या चुका शोधण्यात रात्री घालवल्यात, त्याला एवढ्यावरून कळतं की कोड शून्य वाचत नाही, तो कोणाचंतरी उरलंसुरलं वाचतो आहे. शून्यांच्या फाइलशी या दोषाचा संबंध नसल्याचं कंपनीनेही पुढे स्पष्ट केलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ज्यांना मेमरीच्या चुकांची भीती कमी वाटते त्यांना या घटनेने चुकीचा दिलासा दिला. लोक म्हणाले, जावा, गो, पायथन यांसारखी गार्बेज कलेक्टर असलेली भाषा वापरली असती तर हे झालंच नसतं. अर्धं खरं आहे. त्या भाषांमध्ये २० घरांच्या रांगेत २१ वं घर मागितलं तर भाषाच तिथल्या तिथे हरकत घेते. मेमरी देणं आणि परत घेणंही प्रोग्रामरच्या हातात राहत नाही. वापरात नसलेली मेमरी शोधून परत घेण्याचं काम गार्बेज कलेक्टर करतो. जॉन मॅकार्थीने १९५९ च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी ही कल्पना काढली आणि आज जगातला बराचसा व्यावसायिक कोड तिच्या भरवशावर चालतो. पण तो गार्बेज कलेक्टर स्वतः कोणीतरी लिहिलेला असतो, आणि बहुतेक वेळा सी किंवा सी++ मध्येच. त्यात चूक झाली तर तिला पकडायला वर कोणी नसतं.

आणि ती चूक कशी दिसते? गार्बेज कलेक्टरच्या नजरेतून एक जिवंत पत्ता सुटतो. ती मेमरी मोकळी आहे असं समजून तो ती दुसऱ्या कामाला देतो. आता एका जागेचे दोन मालक झाले. दोघेही आपलं समजून तिथे लिहितात, वाचतात. लगेच काहीच होत नाही. प्रोग्राम मजेत चालतो. वीस मिनिटांनी, तीन दिवसांनी, भलत्याच फंक्शनमध्ये, ज्याचा या भानगडीशी काही संबंध नाही तिथे, तो कोसळतो. ठसा उघडून पाहिला तर त्यात निरपराध माणूस पकडलेला दिसतो. पुन्हा चालवलं तर दुसऱ्याच जागी कोसळतो, किंवा कोसळतच नाही.

म्हणून या कामातले जाणते लोक कारण आणि लक्षण यांच्यामधलं अंतर कमी करण्याच्या मागे लागतात. मेमरीच्या प्रत्येक मागणीला गार्बेज कलेक्टर चालवतात. प्रोग्राम गोगलगायीसारखा होतो, पण चूक घडल्यावर लगेच दिसते. मोकळी झालेली मेमरी ओळखू येईल अशा आकड्यांनी भरून ठेवतात, म्हणजे कोणी ती चुकून वाचली तर कळावं. प्रत्येक फेरीआधी आणि फेरीनंतर सगळी मेमरी तपासून घेतात.

एवढं करूनही हाती लागत नाही असं एक प्रकरण ओकॅमल या भाषेत झालं. २०१६ मध्ये ओकॅमलचे एक जनक, फ्रान्सचे झाविये लेरुआ यांच्याकडे तक्रार आली की इंटेलच्या नव्या स्कायलेक प्रोसेसरवर ओकॅमलचे प्रोग्राम मधूनच कोसळतात. ठशांत मेमरी बिघडलेली दिसे आणि गार्बेज कलेक्टरचंच काम विस्कटलेलं. संशय स्वाभाविकपणे भाषेवर होता. पण कंपायलरची एक सेटिंग बदलली की त्रास थांबे, प्रोसेसरमधली हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन कामं एकाच वेळी चालवण्याची सोय, बंद केली की थांबे. शेवटी दोष प्रोसेसरमध्येच निघाला. ठरावीक रजिस्टर वापरणारी छोटी लूप, आणि कोअरचे दोन्ही भाग एकाच वेळी कामात. २५ जून २०१७ ला डेबियन या लिनक्स प्रणालीने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. पहिल्या तक्रारीपासून इथवर यायला वर्षाहून अधिक काळ लागला होता.

त्याच्याशेजारी १९ जुलै ठेवा. ८५ लाख यंत्रं, प्रत्येक वेळी तीच सूचना, प्रत्येक वेळी सुरू होताच. म्हणूनच क्राउडस्ट्राइकला ७८ मिनिटांत फाइल मागे घेता आली. जी नियमितता विनाशाला कारण झाली, तीच निदानाला उपयोगी पडली. कल्पना करा, २१ व्या कप्प्यात बहुतेक वेळा वाचता येण्याजोगा पत्ता पडलेला असता तर? संगणक कोसळला नसता, फक्त चुकीची माहिती वाचून चुकीचा निर्णय घेतला असता. तो दोष आजही गाभ्यात शांत बसलेला असता.

दुपारी ३.३०

बाजार बंद. सेन्सेक्स ७३८.८१ अंशांनी खाली, ८०,६०४.६५ वर. ही घसरण त्या फाइलच्या माथी मारणं चूक ठरेल. विक्रमानंतरची नफावसुली आणि अर्थसंकल्पाआधीची सावधगिरी हीच मुख्य कारणं. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार दोन्ही दिवसभर सुरळीत चालले. अडचण काही दलाली कंपन्यांना आली, त्यांच्या ग्राहकांना सौदे टाकता येईनात. लंडनमध्ये तिथल्या शेअर बाजाराची बातमीसेवा थांबली होती, स्काय न्यूज सकाळी प्रक्षेपणच करू शकली नव्हती.

संध्याकाळ, मिंट रोड

फोर्टातून रिझर्व्ह बँकेचं निवेदन येतं. देशातल्या फक्त १० बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला आणि तोही दूर झाला किंवा होत आहे. कारणं दोन दिली होती: बहुतेक बँकांच्या मुख्य यंत्रणा क्लाउडवर नाहीत, आणि क्राउडस्ट्राइकचं साधन मोजक्याच बँका वापरतात.

त्या निवेदनाचं कौतुक झालं, मीही करतो. पण ते नीट वाचायला हवं. आपण वाचलो ते आपली तपासणी इतर देशांपेक्षा कडक होती म्हणून नाही. तो कोड आपल्या बहुतेक यंत्रांत बसवलेलाच नव्हता, म्हणून वाचलो. सगळ्यांनी एकच साधन न वापरणं हेही संरक्षणच असतं, आणि यात ते न ठरवता मिळालं होतं.

रात्र

दुरुस्ती आता एकेका यंत्रापाशी जाऊनच करावी लागणार. आयटीवाल्याचं काम पाहा. संगणक चालू करायचा, पडू द्यायचा, पुन्हा चालू करायचा, दुरुस्तीचा पडदा येईपर्यंत वाट पाहायची. सेफ मोड निवडायचा. डिस्क कुलूपबंद असेल, आणि कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ती असतेच, तर विंडोजचं बिटलॉकर हे कुलूप ४८ अंकी किल्ली मागतं. ती किल्ली मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेली असते, आणि तो सर्व्हरही निळा पडलेला असू शकतो. किल्ली मिळाली तर फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवायचे, समोरच्याने टाइप करायचे, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मग विंडोजच्या फोल्डरात, तिथून सिस्टीम३२, मग ड्रायव्हर्स, मग क्राउडस्ट्राइक. सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल शोधायची आणि काढून टाकायची. बंद करायचा, चालू करायचा. आणि मग पुढचा संगणक.

एका संगणकाला दहा-पंधरा मिनिटं. हजार संगणकांच्या कंपनीत ती मिनिटं कुठवर जातात हे सांगायला नको.

शनिवार, २० जुलै, पहाटे ३

नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांच्या सांगण्यानुसार देशभरातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा पहाटे तीनपासून पूर्ववत चालू लागल्या. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने ८५ लाखांचा आकडा दिला आणि म्हटलं की हे प्रमाण सगळ्या विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. एक टक्क्याहून कमी, पण ती यंत्रं कुठे बसलेली आहेत यावर सगळं ठरलं.

२५ जुलै ते ६ ऑगस्ट

२५ जुलैला सेन्सरमध्ये एक नवी तपासणी घातली गेली: मागितलेला क्रमांक रांगेच्या बाहेर तर नाही ना? त्याच दिवशी कुर्त्झ यांनी ९७ टक्क्यांहून अधिक सेन्सर पुन्हा चालू झाल्याचं सांगितलं. २७ जुलैला सेन्सरचे साचे तयार करणाऱ्या साधनात दुसरी तपासणी आली, व्याख्येतले आणि प्रत्यक्ष पुरवलेले आकडे जुळतात का हे पाहणारी. ६ ऑगस्टला कंपनीने मूळ कारणाचा अहवाल जाहीर केला. २०, २१, चुकीच्या व्याख्येवर विसंबलेला तपासनीस, ‘काहीही चालेल’ अशीच खूण वापरणाऱ्या चाचण्या, हे सगळं त्यात क्रमाने मांडलेलं आहे. नियमांच्या फाइली यापुढे टप्प्याटप्प्याने जातील आणि कधी घ्यायच्या हे ग्राहक ठरवू शकेल, असंही त्यात आहे.

१० सप्टेंबरला मायक्रोसॉफ्टने आपल्या मुख्यालयात सुरक्षा कंपन्यांना बोलावलं. विषय होता अशा सॉफ्टवेअरला कर्नलच्या बाहेर राहून काम करता येईल का. २०२५ च्या मध्यात मायक्रोसॉफ्टने तशी सोय निवडक सुरक्षा कंपन्यांना चाचणीसाठी देऊ केली.